पाटीवर दोन दर लिहा

पोस्ट मोठी आहे. चांदीबद्दल आहे. ज्याच्या घरी चांदी आहे त्यानं वाचावी, आणि ज्याच्या घरी नाही पण घ्यायचं मनात आहे त्यानं आधी वाचावी.

दिवाळी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी गोंडपिपरीतल्या एका सराफाच्या दुकानात बसलो होतो. कशासाठी बसलो होतो ते पुढं सांगतो. काउंटरवर दोन गिऱ्हाईकं होती.

एक पंचविशीतला पोरगा. खनिजाच्या ट्रकवर गाडी चालवतो, तोंडओळख आहे. त्याला पाचशे ग्रॅमचा चांदीचा गोल शिक्का पाहिजे होता. तळहात झाकून जाईल एवढा मोठा, वर देवीचं चित्र, प्लास्टिकच्या डबीत बंद. मी विचारलं, "एवढा मोठा कायले रे?" म्हणाला, "भाऊ, एकावर एक रचून ठेवाचे. किलो-दोन किलो झाले का लाइफ सेट. रीलमध्ये सांगून राहिले, अजून डबल होते." पैसे कुठून आणले विचारलं, तर अर्धे साठवलेले आणि अर्धे मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज.

दुसरी जंगलाकडच्या गावातली सत्तरीची आजी. लुगड्याच्या गाठीतून गळ्यातली सरी काढून तिनं काउंटरवर ठेवली. नातीच्या नर्सिंगची फी भरायची होती.

"किती भरते बापू?"

"दोनशे तीस ग्राम. जुनी चांदी आहे माय, साठ टक्के धरतो."

"माह्या सासूनं वीस भाराची म्हणून देल्ली होती."

आता हिशेब बघा. एक भार म्हणजे एका जुन्या रुपयाचं वजन, ११.६६ ग्रॅम. वीस भाराचे २३३ ग्रॅम होतात. पन्नास वर्षांची झीज धरली तर २३० बरोबर आहे. वजनात खोट नव्हती. पण साठ टक्के कुठून आले? सरी कुठं घासली नाही, तापवली नाही, मशीनवर ठेवली नाही. नुसती हातात घेऊन फिरवली आणि टंच ठरला. वरून दर लावला ग्रॅमला १४० रुपये. त्या दिवशी बाजारभाव १५० च्या आसपास होता. १३८ ग्रॅम गुणिले १४०, आजीच्या हातात १९,३२० रुपये पडले. सरी ऐंशी टक्क्यांची असती, तर याच दरानं २५,७६० झाले असते. होती की नव्हती ते मला माहीत नाही. दुकानदारालाही माहीत नव्हतं. आजीला तर कोणी विचारलंच नाही.

त्याच काउंटरवर, त्याच काट्यावर पोराला शिक्का पडला ग्रॅमला १६५ रुपयांनी, घडणावळ धरून. त्यावर ३ टक्के जीएसटी. एकूण ८४,९७५ रुपये. पोरगा गेल्यावर मी दुकानदाराला विचारलं, उद्या हाच शिक्का परत आणला तर किती द्याल? म्हणाला, बाजारभावातून पाच रुपये कमी. म्हणजे १४५ नं ७२,५००. पोरगा दुकानाची पायरी उतरला तेव्हाच साडेबारा हजारांनी खाली गेला होता. त्याचं मुद्दल निघायलाच चांदी सतरा टक्क्यांनी वाढली पाहिजे. ॲपचं व्याज वेगळं.

एक शुद्ध ग्रॅम आजीकडून १४० ला घेतला आणि पोराला १७० ला विकला. मधले तीस रुपये कोणाचे?

मी तिथं काय केलं? काहीच नाही. गप्प बसलो. कारण त्या दुकानाच्या धनत्रयोदशीच्या जाहिरातीचा चेक घ्यायला मी गेलो होतो. तालुक्याच्या गावातला वार्ताहर कसा जगतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको. मानधन नावापुरतं, जाहिरातीचं कमिशन हेच पोट. 'सोन्या-चांदीच्या खरेदीला झुंबड' ही बातमी मी दरवर्षी लिहितो. 'सोनं-चांदी मोडायला आलेल्या बायकांना काय मिळालं' ही बातमी वीस वर्षांत एकदाही लिहिली नाही. म्हणून ही पोस्ट. पेपरात नाही, इथंच.

आता कोणी म्हणेल, याला चांदीचा राग आहे. अजिबात नाही. चांदी रचून ठेवणं हे काही रीलवाल्यांनी शोधलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ते शंभर वर्षं केलं. तेंदूपत्त्याचे, मोहफुलांचे, धानाचे पैसे आले की एखादा कलदार घ्यायचा आणि गाडग्यात टाकायचा. कोणी कडी डाकून गळ्यात माळ घालायची. बँक नव्हती, असली तरी चंद्रपुरात होती, आणि तिथं या बायांना कोणी उभं केलं नसतं. राणी छाप रुपयात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे प्रत्येक नाण्यात १०.७ ग्रॅम शुद्ध. टंच सरकारनंच ठरवलेला आणि वजन ठरलेलं. कोणाला विचारायची गरज नाही. त्या बाया अडाणी नव्हत्या. त्यांच्या हातात खात्रीचा माल होता.

पण दर वेळी विकताना त्यांना कसं बुडवलं गेलं, तेही बघा.

१८९३ च्या आधी कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जाऊ शकत होता. थोडा आकार कापून चांदीचे रुपये पाडून मिळायचे. त्यामुळं अंगावरचा दागिना आणि खिशातला रुपया यांच्यात फार फरक नव्हता. २६ जून १८९३ ला इंग्रज सरकारनं टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. रुपयाची किंमत पौंडाशी टिकावी म्हणून. साहेबांचे पगार आणि विलायतेला पाठवायच्या रकमा सुरक्षित झाल्या. इकडं चांदीचा भाव पडत गेला. १८९९ च्या भावानं हिशेब केला, तर सोळा आण्यांच्या रुपयात जेमतेम दहा आण्यांची चांदी होती. रुपयाभार दागिन्याला रुपया मिळेना.

आणि नेमका कधी? १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि दोन्ही दुष्काळांनी मध्य प्रांत भाजून निघाला. लोकांनी दागिने मोडायला काढले तेव्हाच दागिन्यांचा भाव मेलेला. पिढ्यांची साठवण दाण्यांच्या भावानं गेली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिलं. टांकसाळी बंद करण्याच्या त्या निर्णयाची आणि त्यानंतरच्या रुपयाच्या कारभाराची चिरफाड त्यात आहे. दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपण गर्दी करतो. २०२५ मध्ये १६ ऑक्टोबरनंतर दोनच दिवसांनी, १८ ला, धनत्रयोदशी होती. दीक्षाभूमीवरून आलेली गर्दी सराफ्यात वळली. बाबासाहेबांचा रुपयावरचा अभ्यास मात्र आपण कोणी उघडला नाही. मी पण नाही, खरं सांगतो. या पोस्टसाठी उघडला.

पुढं १९१८. पहिलं महायुद्ध. लोक नोटा घेऊन येत आणि बदल्यात चांदीचे रुपये मागत. सरकारच्या तिजोरीतली चांदी आटली. तेव्हा अमेरिकेनं एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळपास २६ कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली. ते डॉलर म्हणजे २६.७३ ग्रॅमची मोठी नाणी. आज जगभरचे चांदी जमवणारे लोक तशा डॉलरसाठी भरपूर पैसे मोजतात. तुमच्या आजीच्या गाडग्यातल्या पंचम जॉर्जच्या १९१८ च्या रुपयात त्या डॉलरची चांदी असू शकते. एवढा मोठा इतिहास, आणि आपण तो 'जुना भंगार आहे, साठ टक्के' म्हणून विकतो.

१९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, दिसायला तसाच, पण चांदी ५० टक्के. १९४७ ला तर निकेलचा रुपया आला. म्हणून घरी कलदार असतील तर आधी साल वाचा. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज, आणि सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपये ९१.७ टक्क्यांचे. १९४० ते १९४५ चे ५० टक्क्यांचे. दोन ढीग वेगळे करा. काही साठ राणी छाप घेऊन जातात आणि दुकानदार सरसकट ऐंशी टक्के धरतो. साठ नाण्यांत ६४१ ग्रॅम शुद्ध चांदी असते. ऐंशी टक्क्यांनी ती ५६० होते. १५० च्या भावानं बारा हजार रुपये तिथल्या तिथं गेले. त्यातही १९११ चा रुपया, ज्यावरच्या राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, तो किंवा सहाव्या जॉर्जचा १९३९ चा निघाला, तर वजनावर विकूच नका. नाणी जमवणारे त्याचे कितीतरी जास्त देतात.

आता त्या ट्रकवाल्या पोराकडं येतो.

२०२५ सुरू झालं तेव्हा चांदी किलोला नव्वद हजारांच्या आसपास होती. धनत्रयोदशीच्या आठवड्यात पावणेदोन लाखांच्या घरात गेली. परदेशात औंसाला ५० डॉलरच्या वर गेली, १९८० चा विक्रम मोडला. देशात मालाची एवढी टंचाई झाली की काही मोठ्या म्युच्युअल फंडांनी आपल्या चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. फंडवाले लोकांचे पैसे नको म्हणत होते, तेव्हा आपल्या इथं डबीतले शिक्के धडाधड विकले जात होते. भाऊबीज झाली आणि भाव दीड लाखाच्या आसपास आला. ज्यानं धनत्रयोदशीला घेतला, त्याचं पंधरवड्यात काय झालं ते त्याला विचारा. रीलवाला त्याच्यासाठी दुसरी रील काढणार नाही.

हे पहिल्यांदा होत नाही. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदी एवढी रचून ठेवली होती की भाव ५० डॉलरला टेकला. २७ मार्च १९८० ला तो ११ डॉलरच्या खाली आला. ते अब्जाधीश होते आणि तेही कर्ज काढूनच खेळत होते. एप्रिल २०११ मध्ये आपल्याकडं किलोचा भाव सत्तर हजारांच्या वर गेला होता. २०१५ संपताना तो पस्तीस हजारांच्या आसपास होता. २०११ चा भाव परत दिसायला २०२० उजाडलं. नऊ वर्षं! घरातले रिकामे पैसे असतील तर नऊ वर्षं थांबता येतं. ॲपचं कर्ज नऊ वर्षं थांबत नाही, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला फोन येतो.

"अडचण आली तर बँकेत गहाण ठेवीन," असं पोरगा म्हणाला होता. बाळा, ऐक. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये सोनं-चांदी तारण कर्जाचे नवे नियम काढले आहेत. १ एप्रिल २०२६ पर्यंत सगळ्या बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना ते लागू होतात. त्यात चांदीचे दागिने एका माणसाला दहा किलोपर्यंत तारण ठेवता येतात. पण शिक्के? एका माणसाचे सगळे मिळून ५०० ग्रॅम, बस्स. आणि वीट किंवा लगडी तर अजिबात नाही. म्हणजे तू दोन किलोचा ढीग रचलास, तरी बँकेच्या कामाचा पाव हिस्सा. किलोचा एकच मोठा शिक्का घेतलास तर तोही नाही, कारण तो कापून अर्धा ठेवता येत नाही.

आजीसाठी मात्र हे नियम चांगले आहेत, हे मान्य केलंच पाहिजे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम. टंच कर्जदाराच्या समोर तपासायचा. वजन किती, शुद्धता किती, काय वजा केलं, ते कागदावर लिहून द्यायचं. नियम त्याच्या भाषेत समजावायचे. कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिना परत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्या आजीला सरी मोडायची गरजच नव्हती. तारण ठेवून फी भरता आली असती आणि सरी नातीच्या लग्नाला परत गळ्यात आली असती.

पण तोवर ती जाणार कुठं? सराफाकडं किंवा पतसंस्थेत. हे नियम बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना आहेत. सराफाच्या गहाणवटीला नाहीत, पतसंस्थेला नाहीत. सावकारीला २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के व्याज, परवाना दिसेल असा लावायचा, पावती द्यायची. प्रत्यक्षात आमच्या भागात 'शेकडा तीन रुपये महिना' ऐकून कोणाची भुवई वर जात नाही. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के.

शिवाय गळ्यातली कलदारांची माळ दागिना धरायची की शिक्के? दागिना धरली तर दहा किलोची मर्यादा. शिक्के धरले तर बेचाळीस रुपये झाले की पाचशे ग्रॅम संपले. बँकेच्या मॅनेजरनं हे आत्ताच स्पष्ट करून घ्यावं. एप्रिलमध्ये एखादी बाई माळ घेऊन आली आणि "साहेब रजेवर आहेत" असं ऐकून परत गेली, तर ती पुन्हा सराफ्यातच जाईल.

तिसरी गोष्ट हॉलमार्कची. सोन्याला जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक दागिन्याला वेगळा क्रमांक देण्याची सोय झाली, मोबाइलवर तपासता येते. पण ती ऐच्छिक आहे. दुकानदाराला वाटलं तर. आता मला सांगा, सोनं कोण घेतं आणि चांदी कोण घेतं? आमच्या तालुक्यात शेतमजूर बाईच्या पायात, हातात, कमरेला चांदीच असते. श्रीमंताच्या धातूला सक्ती आणि गरिबाच्या धातूला मर्जी, हा कुठला न्याय?

सराफ मंडळी हे वाचून चिडतील. त्यांची बाजूही मला माहीत आहे, वीस वर्षं त्यांच्याकडं चहा पितो. जुन्या दागिन्यात डाक असतो, तांबं असतं, काही सऱ्यांच्या आत लाख भरलेली निघते. गाळताना घट येते. सकाळी घेतलेल्या मालाचा भाव संध्याकाळी पडू शकतो. टंच काढायचं मशीन लाखांच्या घरात जातं, छोट्या दुकानाला परवडत नाही. हे सगळं खरं आहे. धंदा आहे, नफा पाहिजे, मी नाही म्हणत नाही.

पण मग नफा लपवता कशाला? घट किती धरली ते कागदावर लिहा. मशीन एकट्याला परवडत नसेल तर सगळे मिळून एक घ्या, तपासणीचे शंभर रुपये गिऱ्हाईकाकडून घ्या, आजीनं आनंदानं दिले असते. आणि पाटी लावायला काय खर्च येतो? आज प्रत्येक दुकानात एकच दर लिहिलेला असतो, विकण्याचा. धानाच्या केंद्रावर घेण्याचा दर लिहिलेला असतो, म्हणून शेतकरी भांडू तरी शकतो. सराफ्यात भांडायला आकडाच नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक, प्रत्येक सराफाच्या पाटीवर दोन दर लिहा. विकायचा आणि घ्यायचा, दोन्ही शुद्ध चांदीचे.

दोन, जुना दागिना घेताना वजन, टंच, घट आणि दर लिहिलेली पावती द्या. विकणाऱ्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

तीन, चांदीचा हॉलमार्क सक्तीचा करा. ही दिल्लीची गोष्ट आहे, पण आपले खासदार दिल्लीतच बसतात.

चार, तालुक्यातल्या प्रत्येक बँक शाखेनं एप्रिलच्या आधी मराठीत फलक लावावा की चांदीवर कर्ज मिळेल, किती मिळेल, कसं मिळेल.

आणि माझ्यापुरतं? पुढच्या दिवाळीला मी जाहिरात मागायला जाईन, पोट आहे. पण ज्या दुकानाच्या पाटीवर दोन दर नसतील, तिथली जाहिरात आणणार नाही. यात माझं नुकसान किती होईल ते मला आत्ताच दिसतं आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर येणाऱ्या धनत्रयोदशीला माझी पुरवणी उघडून बघा आणि त्या दुकानांसमोर उभे राहून पाट्या वाचा.

तोवर एक काम करा. घरी आई, आजी, मावशी कोणी जुनी चांदी मोडायला निघाली असेल, तर तिला एकटीला पाठवू नका. आधी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा, कागदावर लिहा. नाणी असतील तर सालं लिहा. दोन दुकानांत दर विचारा. आणि दुकानदार हातात फिरवून टंच सांगायला लागला तर एवढंच विचारा, "बापू, कशावरून?"

मी त्या दिवशी हे विचारलं असतं तर आजीला चार-सहा हजार जास्त मिळाले असते, किंवा निदान साठ टक्के खरे होते हे तरी कळलं असतं. नाही विचारलं. चेक वटला. नातीची फी भरली गेली की नाही, हे शोधायला उद्या तिच्या गावाला जातो आहे.